यंदा कोणीतरी भरेल

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शाई गाळणं. मी मोरीपाशी उकिडवा बसून पातेल्यावर जुन्या धोतराचं फडकं ताणून धरलं होतं आणि ही वरून लोखंडी कढई तिरकी करून ओतत होती.

"हात हलवू नकात."

"हलवत नाही. मुंग्या आल्यात हाताला."

"मग मुंग्यांना सांगा, थांबा म्हणून. एवढी कढई होऊ दे."

कढई झाली. तिने फडकं पिळलं, गाळ नेऊन कंपाउंडच्या भिंतीपाशी टाकला. तिथे तिने आधीच सोसायटीची दोन क्रोटनची झाडं मारली होती. मग खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या काढल्या, शाई भरली, बुरशी धरू नये म्हणून प्रत्येकीत लवंग टाकली आणि बाटल्या खाटेखाली सरकवल्या.

"आता मुरू दे. थंडीत पार्ल्याला नेऊ," म्हणाली. आणि मग दरवर्षी म्हणायची तेच म्हणाली, "यंदा कोणीतरी भरेल बघा."

मी म्हटलं, "भरेल, भरेल. जेवायला वाढ." आणि पंप बंद करायला गेलो.

त्याच आठवड्यात ती गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हार्ट. मी म्हटलं, असेल. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. हार्ट म्हणजे नक्की काय झालं ते मी विचारलं नाही आणि विचारून करायचं काय होतं?

तेराव्याला आलेला प्रत्येक जण म्हणाला, फार चांगली होती हो. गेलेल्या माणसाला सगळे चांगलंच म्हणतात. मी तिच्याबरोबर सगळा संसार केला, मला विचाराल तर ती पहिल्यांदा विचित्र होती, मग चांगली.

गिरण्यांच्या संपानंतर माझी नोकरी सुटली. कांदिवलीला एका सोसायटीत पंप चालवायचं काम मिळालं आणि टाकीशेजारची खोली राहायला मिळाली. सकाळी पाणी सोडायचं, संध्याकाळी सोडायचं, मधल्या वेळात लोकांच्या शिव्या खायच्या. बायका गच्चीवरून ओरडायच्या, "अहो पंपवाले, आमच्या नळाला आज करंगळीएवढी धार आहे!" ही खालून ओरडायची, "मग करंगळी धुवा आधी!" असा सगळा आमचा कारभार.

तिला वेड होतं शाईच्या पेनांचं. पेन आणि शाई. ती सातवी झालेली, अक्षर मोत्यासारखं, पण लिहायची काय? काही नाही. पत्र लिहीत नव्हती, हिशेब तोंडी. ती फक्त रेघ ओढायची. कॅलेंडरच्या मागे, औषधाच्या खोक्यावर, बेस्टच्या तिकिटावर, एकदा मी झोपलो असताना माझ्या पोटरीवर. पेनात शाई भरायची, रेघ ओढायची, तिच्याकडे बघत बसायची. मी विचारायचो, काय दिसतं गं त्यात? "वाहतं कसं ते दिसतं," म्हणायची.

पेनं यायची रद्दीवाल्याकडून. मालाडपर्यंतचे सगळे रद्दीवाले तिला ओळखायचे. कोणाच्या घरातला म्हातारा गेला की त्याच्या कपाटातलं पेन हिच्याकडे यायचं. मग ती कोमट पाण्यात ते दिवसभर भिजत ठेवायची. निबेखाली जी काळी पट्टी असते तिला जीभ म्हणतात, ती काढून जुन्या टूथब्रशने घासायची आणि ओल्या निबेचं टोक डोक्याच्या केसात पुसायची. आपल्याकडे सगळेच पूर्वी पुसायचे तसे. त्यामुळे तिच्या पांढऱ्या केसांत कायम एक काळी बट असायची. बायका विचारायच्या, "वहिनी, कलप संपला का मध्येच?"

तेव्हा सगळीकडे डॉटपेन आलं होतं. डॉटपेनवाल्या माणसाशी ही धड बोलायची नाही. "ते लिहीत नाही, घसरतं," म्हणायची. स्टेशनसमोरच्या दवाखान्यात डॉक्टर माझ्या गुडघ्यासाठी गोळ्या लिहून देत होते. ही पदराला अडकवलेलं पेन काढून त्यांच्यासमोर धरून उभी.

"डॉक्टर, ह्यानं लिहा. तुमचं अक्षर वाईट नाही, पेन वाईट आहे."

मागे खोकणारी एवढी माणसं. मी म्हटलं, अगं, त्यांना काम करू दे.

"माका शिकवू नकात," म्हणाली. रागावली की ती मालवणीवर यायची.

डॉक्टरांनी लिहिलं बिचाऱ्यांनी. आणि पुढच्या खेपेला आम्ही आत गेलो तेव्हा आपलं डॉटपेन त्यांनी टेबलाच्या खणात टाकलं, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

तिच्या भाचीला बघायला घाटकोपरचा मुलगा आला, तेव्हा तर कमाल केली. मुलगा सरकारी नोकरीतला, शांत, पोहे निमूटपणे खाणारा. मोठी माणसं पगाराचं विचारतायत, कुळाचं विचारतायत. हिने त्याच्यापुढे कागद आणि पेन सरकवलं.

"एक रेघ ओढ रे."

मुलगा घाबरला. घाबरून त्याने इतकं दाबलं की निब फाकली. हिने पेन उजेडात धरून बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "हा मुलगा दाबतो. नको."

भाची रडली, भाऊ महिनाभर हिच्याशी बोलला नाही. शेवटी लग्न त्याच मुलाशी झालं आणि संसार झकास चाललाय, तोच भाचीला दाबून आहे असं काही दिसत नाही, उलटंच दिसतं. मी तिला म्हणायचो, बघ, तुझी परीक्षा फेल गेली. ती म्हणायची, "निब फाकली की नाही? मग!" त्या जावयाला ती शेवटपर्यंत दाब्या म्हणायची. तोही ओ द्यायचा.

आता पार्ल्याचं सांगतो.

पार्ल्याला एका शाळेच्या हॉलमध्ये थंडीत शनिवार-रविवार पेनवाल्यांचा मेळा भरायचा. लांबून बघितलं तर कोणाला वाटेल भांडी विकायला बसलेत. टेबलांवर पांढऱ्या चादरी, त्यांवर पेनं, दौती, पाण्याची वाटी, पुसायला फडकी. माणसं सगळी चांगल्या घरची. प्रोफेसर, वकील, बँकेतले साहेब. एक रद्दीवाला हिला म्हणाला, तुमच्यासारखे येडे तिथे जमतात. झालं, त्याच शनिवारी मला इस्त्रीचा शर्ट घालायला लावून घेऊन गेली. त्या एवढ्या पुरुषांत ही एकटी बाई, नऊवारी नेसलेली, पदराला पेन. मी बाहेर चहाच्या टपरीवर बसायचो. आत माझं काय काम?

तिथे ती स्वतःची शाई घेऊन गेली. तिचे वडील गावी शाळामास्तर होते, ते घरी हिरड्याची शाई करायचे. हिरडे कुटायचे, रात्रभर पाण्यात भिजवायचे, लोखंडाच्या कढईत उकळायचे, त्यात हिराकस घालायचा. हिराकस म्हणजे हिरवट खडे, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात. त्या शाईची गंमत अशी, की लिहिताना ती फिकी दिसते, पाणचट. हवा लागली की काळी होत जाते आणि मग पाण्याने धुतली तरी जात नाही.

पहिल्या वर्षी तिथे चष्म्याला दोरी लावलेले एक साहेब होते, मेळा तेच भरवायचे. त्यांनी हिची रेघ काळी होताना बघितली आणि लहान मुलासारखे खूश झाले. वाह वाह वहिनी, म्हणाले, आणि खिशातलं पेन उघडून तिथल्या तिथे तिची शाई भरली. वडिलांचं पेन होतं ते त्यांच्या.

ही त्या दिवशी हवेत. घरी येताना मला म्हणाली, "भरली त्यांनी! बुडवून नाही बघितली, भरली!"

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचं पेन चालेना. झटकलं, पाण्यात धरलं, काही नाही. आत शाई गोंदासारखी धरली होती. झालं होतं काय, की तिचे वडील शाईत डिंक घालायचे. बोरूने लिहायचं तर डिंक लागतोच, त्याने शाई कागदावर पसरत नाही, चमकते. हिने तसाच घातला. पण बोरूला कुठे जीभ असते? पेनाच्या जिभेत बारीक खाच असते, त्यात डिंक सुकला की संपलं. पेनांच्या मागे इतकी वर्षं लागलेल्या बाईला हे सुचू नये? बापाची रीत होती ना, तिच्यावर शंका कशी घेणार!

"चूक माझी," ती साहेबांना म्हणाली. "डिंक. द्या इकडे, मी साफ करून देते."

साहेबांनी पेन दिलं नाही. ओरडलेही नाहीत. फक्त रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी दाराशी पाटी लागली. घरगुती शाई फक्त टाकाने पाहावी, पेनात भरू नये. टाक म्हणजे लाकडाच्या दांडीला निब बसवलेली. बुडवायचा, दोन शब्द लिहायचे, पाण्यात धुवायचा, पुढच्या टेबलावर जायचं. पाटीवर नाव कोणाचं नव्हतं, पण घरची शाई आणणारं माणूस एकच होतं.

तेव्हापासून हिची लढाई सुरू झाली. डिंक काढला तर शाई कागदावर पसरायची, माशीचे पाय फुटल्यासारखी. थोडा घातला तर पेन धरायचं. सहा महिने हे, सहा महिने ते. खोलीत जेवणाची आणि शाईची भांडी एक झाली. एकदा आमटी काळी आली. मी खाल्ली. ती बघत होती मला काही होतंय का, मी ढेकर दिल्यावर मग स्वतः वाढून घेतली. शेवटी तिने डिंक पुरता सोडला आणि कढईच जास्त वेळ आटवायला लागली. त्याने जमलं, असं ती म्हणायची. स्वतःच्या पेनांत भरून आठवडा आठवडा ठेवायची. पण पार्ल्याला दरवर्षी तेच. लोक यायचे, टाक बुडवायचे, "सुंदर रंग आहे हो वहिनी," म्हणायचे आणि टाक धुऊन पुढे. ती घरी येताना बसच्या खिडकीतून बाहेर बघत बसायची.

"बुडवतात," म्हणायची. "भरत नाहीत."

तिला बक्षीस नको होतं, धंदा करायचा नव्हता. कोणीतरी एकाने आपल्या पेनात तिची शाई भरावी, एवढंच तिला पाहिजे होतं. मला हसू यायचं त्याचं. माणसाला काय काय पाहिजे असतं, आणि हिला हे.

ती गेल्यावर थंडीत खाटेखाली झाडू मारताना बाटल्या खडखडल्या. मी खाली बसलो आणि किती वेळ बसलो ते माहीत नाही, पंप सोडायला उशीर झाला, वरून ओरडायला लागले. मग पाणी सोडलं, बदली माणूस बघितला, एक बाटली आणि तिचं एक पेन पिशवीत टाकलं आणि शनिवारी पार्ल्याला गेलो. या खेपेला टपरीवर बसलो नाही.

तिचं टेबल रिकामं ठेवलं होतं. म्हणजे त्यांना कळलेलं नव्हतं. मी सांगितलं, तेव्हा सगळे जमले. एक प्रोफेसर तर डोळे पुसायला लागले. मग कोणीतरी म्हणालं, त्यांची शाई आणलीत का, आणि एकाने टाक काढला.

मी बाटलीवर हात ठेवला.

"बुडवायचं नाही."

"अहो, बघू तरी द्या. आठवण म्हणून."

"आठवण बिठवण काही नाही. भरायची तर भरा, नाहीतर राहू द्या. तुम्ही इतकी वर्षं बुडवलीत. ती मेली, तरी बुडवताय."

मला भान नव्हतं, मी गिरणीत बोलायचो तसा बोलत होतो. माझ्या आवाजाने एक पोरगं रडायला लागलं. दोरीवाले साहेब पलीकडच्या टेबलावरून उठून आले. थकलेले दिसत होते या वर्षी.

"बसा," म्हणाले.

"बसत नाही."

"बरं, उभे राहा. नियम मी केलाय, तर मी बोलतो. ते पेन पुढे कधी नीट चाललं नाही. वडिलांचं होतं. राग नाही माझा वहिनींवर, खरंच नाही. पण भीती आहे. ती कशी घालवू?"

"तिने डिंक सोडला. केव्हाच सोडला."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही कधी विचारलं?"

साहेबांनी चष्मा काढला, तो दोरीवर लोंबकळला. मग म्हणाले, "असं करू. पेनाची खरी परीक्षा रात्रभरात होते. आता भरा, टोपण लावा, घरी न्या. उद्या सकाळपर्यंत उघडायचं नाही. सकाळी इथे सगळ्यांसमोर उघडायचं. झटकायचं नाही, पाण्यात धरायचं नाही. पहिल्या रेघेला लिहिलं तर पुढचं बोलू."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर तुम्ही मला शिव्या द्या, पण पाटी राहील."

मी पिशवीतून पेन काढलं आणि हातात धरून उभा राहिलो. भरायचं कसं ते मला येत नव्हतं. तिने कधी हात लावू दिला नव्हता, आणि मी कधी मागितलंही नव्हतं. साहेबांना कळलं. त्यांनी ड्रॉपर दिला, मान कशी फिरवून काढायची ते दाखवलं. "सावकाश. पोटात बुडबुडा ठेवायचा थोडा," म्हणाले. मी भरलं. बोटं काळी झाली. टोपण लावलं आणि शर्टाच्या खिशात ठेवून घरी आलो.

घरी उघडून बघायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण उघडलं असतं तर ती परीक्षा तिची राहिली नसती.

सकाळी पाणी सोडलं. बदली माणसाला कुठला व्हॉल्व कधी बंद करायचा ते समजावलं, आंघोळ केली आणि निघालो. हॉल उघडायच्या आधी पोचलो. साहेब पायरीवर किल्ल्या घेऊन बसलेले. मला बघून उठले.

"झोप लागली?" म्हणाले.

"नाही."

"मलाही नाही."

आत गेलो. हळूहळू सगळे आले, टेबलाभोवती उभे राहिले. साहेबांनी कोरा कागद ठेवला. मी पेन काढून त्यांच्यापुढे धरलं.

"तुम्ही ओढा."

"नाही," साहेब म्हणाले. "तुमच्या घरचं आहे."

"मला सहीपलीकडे काही येत नाही हो."

"एक रेघ ओढायचीय. सही पण नको."

मी टोपण काढलं. निब कागदाला टेकवली आणि ओढली.

काही दिसलं नाही. म्हणजे मला वाटलं, दिसलं नाही. मागून कोणीतरी च्च केलं. साहेब वाकले, चष्मा कागदाला टेकला त्यांचा.

"ओली आहे," म्हणाले. "रेघ आहे. फिकी आहे, पण आहे. सुरुवातीपासून आहे."

"थांबा," मी म्हटलं. "हवा लागू द्या."

आम्ही सगळे त्या कागदाकडे बघत उभे राहिलो. रेघ वाकडी होती, माझ्या हातची. पाणचट होती ती राखाडी झाली, मग कडेने गडद झाली, मग मधूनही. एवढी माणसं, वकील काय नि प्रोफेसर काय, कोणी हललं नाही. मला पहिल्यांदा कळलं ती काय बघत बसायची.

साहेबांनी खिशातून पेन काढलं.

"हे वडिलांचं नाही," म्हणाले. "ते मी नाही भरणार, माफ करा. हे माझं रोजचं. दूधवाल्याचा हिशेब, चेक, सगळं याच्यानंच."

"रोजचंच पाहिजे," मी म्हटलं. "कपाटात ठेवायच्या पेनात कशाला भरायची ती?"

ते नळावर गेले. आधीची निळी शाई ओतून दिली, पेन धुतलं, धोतराला पुसलं आणि मान काढून माझ्यापुढे धरलं. मी बाटलीचं बूच काढलं आणि ड्रॉपर भरला. एक थेंब साहेबांच्या पांढऱ्याशुभ्र बाहीवर पडला.

"अरे देवा," मी म्हटलं. "हा डाग जायचा नाही हो."

"माहीत आहे," साहेब म्हणाले. "भरा तुम्ही."

मी भरली.